लायपोसक्शनआधी एवढं रक्त कशाला काढतात?

अपेंडिक्स फुटायच्या बेतात असेल तर रुग्णाचं हिमोग्लोबिन ८ असलं तरी आम्ही भूल देतो. थांबलो तर माणूस हातचा जाईल, म्हणून रक्त कमी असल्याची जोखीम पत्करायची. पोटाची चरबी काढायला आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन तेवढंच निघालं, तर मात्र लोहाच्या गोळ्या लिहून द्यायच्या आणि घरी पाठवायचं. चरबी कुठे पळून जात नाही, दोन महिन्यांनीही ती तिथेच असते.

हौसेच्या सर्जरीआधीच्या तपासण्या वेगळ्या ठरतात त्या एवढ्याचमुळे. ऑपरेशन पुढे ढकलता येतं, तेव्हा रिपोर्टातली लहानशी खोटसुद्धा दुरुस्त करूनच टेबलावर यावं. पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना मला बऱ्याचदा उलटं दिसतं. लग्नाची तारीख ठरलेली असते, आयटी कंपनीतली रजा मंजूर झालेली असते, क्लिनिकमध्ये अ‍ॅडव्हान्स भरलेला असतो, आणि तपासण्या म्हणजे शेवटच्या आठवड्यात उरकायची कागदपत्रं होऊन बसतात. अशा वेळी रिपोर्टात काही निघालं की त्या रिपोर्टचाच राग येतो.

‘मी काही आजारी नाही, मग हे सगळं कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की यातल्या बहुतेक तपासण्या नाकासाठी किंवा पोटासाठी नसतातच. शरीराला भूल झेपेल का आणि जखम नीट भरेल का, हे दोन प्रश्न त्यांच्या मुळाशी असतात.

पुणेकरांना हे एका जुन्या गोष्टीवरून चटकन पटेल. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात कापला गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीटकर कारागिराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याची सचित्र हकिकत लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातले सर्जन थक्क झाले. त्या कावसजीचं ना रक्त तपासलं गेलं, ना ईसीजी काढला गेला. पण त्याला भूलही दिली नव्हती. ईथरची भूल जगापुढे आली तीच मुळी १८४६ मध्ये. आज आम्ही माणसाला चार-चार तास झोपवतो, त्याचा श्वास यंत्रावर घेतो, रक्तदाब वर-खाली करणारी औषधं देतो. त्याचं हृदय, फुप्फुसं, यकृत आणि मूत्रपिंडं हे सगळं कसं सोसतील, याचा अंदाज आधी घ्यावाच लागतो.

रक्तापासून सुरुवात करू. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे समोर बसलेली टवटवीत, जिमला जाणारी मुलगीही त्यात असू शकते. कोथरूडची अशीच एक मुलगी स्तनांचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी आली होती. हिमोग्लोबिन ९.४. नजर तिथेच अडकते, पण त्याच कागदावर खाली एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तोही बघायचा. लाल पेशी आकाराने केवढ्या आहेत हे तो सांगतो. तिच्या पेशी लहान होत्या आणि त्यांची संख्याही कमी होती. फेरिटिन तपासलं, तर शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. पाळी सात दिवस जाते, हे तिने विचारल्यावर सांगितलं. तिच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लोह सुरू केलं. हिमोग्लोबिन साधारणपणे महिन्याला एक-दोन ग्रॅमने चढतं. ऑपरेशन झालं, फक्त दिवाळीऐवजी संक्रांतीनंतर.

याच्या उलट प्रकारही असतो. पेशी लहान, पण संख्येने भरपूर, आणि हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं १०-११ वर थांबलेलं. तिथे थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाची शंका घ्यायची. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत ते जास्त आढळतं, त्यामुळे सिंधी वस्तीच्या पिंपरी कॅम्पातल्या घरांमध्ये हा शब्द नवा नसतो. अशा माणसाला लोहाच्या गोळ्यांचा डोंगर चारला तरी आकडा हलत नाही, कारण कमतरता लोहाची नसतेच. त्याच्यासाठी १०.५ हेच नेहमीचं हिमोग्लोबिन असतं आणि एवढ्या कारणासाठी छोटं ऑपरेशन अडवायची गरज नसते. आकडा जवळपास सारखा, निर्णय मात्र वेगवेगळे. म्हणून रिपोर्टावर लॅबने ठळक केलेल्या आकड्याला घाबरूही नये आणि ठळक काही नाही म्हणून निर्धास्तही होऊ नये.

साखरेची तपासणी सगळ्यांच्या ओळखीची. उपाशीपोटीची साखर त्या दिवसाचा हिशोब देते, एचबीए१सी साधारण गेल्या तीन महिन्यांचा. ६.५ आणि त्यावर मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. साखर चढलेली असेल तर जंतुसंसर्ग लवकर होतो, टाके सुटतात, व्रण वाईट राहतो. सुंदर दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनात व्रणच वाईट राहिला तर काय मिळवलं? एचबीए१सी ७ च्या आसपास किंवा खाली असेल तर बरं, ८ च्या वर असेल तर माझं उत्तर बहुतेक वेळा ‘आत्ता नको’ असंच असतं. यात एक मेख आहे. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी थोडं फसवं जास्त दिसू शकतं, त्यामुळे हे दोन रिपोर्ट एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

आता लॅबवाल्यांच्या ‘सर्जरी प्रोफाइल’कडे वळू. लॅबच्या जाहिरातीत पन्नास-साठ तपासण्यांचं पॅकेज असतं, सकाळी सातला घरी येऊन रक्त नेतात, आणि एवढं सगळं तपासलं म्हणजे आपण सुरक्षित, असं वाटतं. यामागचं गणित जरा गमतीचं आहे. बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी आखलेली असते की १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण त्यात बसावेत. उरलेले पाच निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी रिपोर्ट ‘अ‍ॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. मग त्या एका आकड्यामागे सोनोग्राफी, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मग आणखी एक स्कॅन. पैसे जातात, झोप उडते, आणि शेवटी काहीच निघत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ केंद्रांवर मोतीबिंदूच्या सुमारे १९ हजार ऑपरेशनांचा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या सगळ्या तपासण्या सरसकट केल्या, निम्म्यांच्या गरज दिसली तरच. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन लहान असतं, टमी टकला, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून ताणून बसवण्याच्या ऑपरेशनला, तोच नियम लावता येणार नाही हे खरं. पण कारण नसताना केलेली तपासणी संरक्षण देत नाही, हे त्यातून पुरेसं कळतं. तिशीतल्या, दम न लागणाऱ्या, विडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या छातीचा एक्स-रे नाक सरळ करण्यासाठी काढायला सांगितला असेल, तर ‘यातून काय कळणार आहे?’ असं जरूर विचारा.

पॅकेजातला माझा नावडता मानकरी म्हणजे बीटी-सीटी, रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी. बोटाला टोचायचं, टिपकागदाने रक्त टिपत राहायचं आणि किती मिनिटांत थांबतं ते लिहायचं. ऑपरेशनात रक्तस्राव किती होईल, याचा अंदाज त्यावरून फारसा येत नाही. त्यापेक्षा दाढ काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, काही न लागता अंगावर काळे-निळे डाग उठतात का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, या प्रश्नांची उत्तरं जास्त सांगून जातात. एखादं उत्तर ‘हो’ आलं, किंवा यकृताचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मात्र पीटी-आयएनआर आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या करायच्याच. पावसाळ्यात नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्यात का हे बघायचं, आणि ताकद भरून येईपर्यंत हौसेचं ऑपरेशन घ्यायचंच नाही.

लायपोसक्शनमध्ये यकृताच्या तपासणीला जास्त अर्थ का, हे सांगायला हवं, कारण ते सहसा कुणी समजावत नाही. चरबी ओढून घेण्याआधी त्या भागात सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि अ‍ॅड्रिनलिन मिसळून भरपूर द्रव सोडतात. रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. लिडोकेनची एरवीची मर्यादा, अ‍ॅड्रिनलिनसोबत, वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम. या पद्धतीत ती ३५ पर्यंत नेतात, कारण चरबीतून औषध फार सावकाश रक्तात उतरतं. पण उतरतं हे नक्की. रक्तातली त्याची पातळी सगळ्यात जास्त असते ती ऑपरेशननंतर दहा-बारा तासांनी, म्हणजे पेशंट कदाचित घरी पोहोचून जेवत असतो तेव्हा. हे औषध मोडून काढायचं काम यकृताचं. यकृत दुबळं असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाने त्याचं हे काम रोखून धरलं असेल, तर विषबाधेइतकी पातळी चढू शकते.

असं काम रोखणारं एक औषध आपल्याकडे घरोघरी सापडतं: इट्राकोनॅझोल. गजकर्णासाठी त्वचारोगतज्ज्ञ ते आठवडेच्या आठवडे देतात, आणि काही जण मेडिकलवाल्याला विचारून परस्परही घेतात. ‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला लोक ‘नाही’ म्हणतात, कारण खाजेची गोळी त्यांच्या हिशोबात औषध नसतेच. म्हणून मी विचारतो, ‘गेल्या महिन्याभरात कुठलीही गोळी, चूर्ण, काढा, जिमची पावडर, इंजेक्शन?’ मग एकेक बाहेर पडतं. फिश ऑइल. व्हिटॅमिन ई. लसणाच्या कॅप्सूल. गर्भनिरोधक गोळ्या, ज्या पायात रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढवतात. टमी टकमध्ये ती शक्यता आधीच इतर सौंदर्यशस्त्रक्रियांपेक्षा जास्त असते. सांधेदुखीवरची बिनलेबलची पुडी, जिच्यात स्टेरॉइड असू शकतं.

वजन कमी करण्याची इंजेक्शनं हा ताजा विषय. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ मध्ये भारतात आली, आणि लायपोसक्शनला येणारे काही जण आधीच ती घेत असतात. या औषधांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. रात्रीपासून उपाशी असलेल्या माणसाच्या पोटातही अन्न शिल्लक असू शकतं, आणि भूल देताना ते उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. हे कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. तुम्ही सांगाल तरच आम्हाला कळणार, मग इंजेक्शन किती दिवस आधी थांबवायचं किंवा पोटाची सोनोग्राफी करून बघायचं का, ते ठरवता येतं.

तंबाखूचंही तेच. ‘सिगारेट नाही हो,’ हे खरंच असतं, पण मशेरीचं काय? हडपसरच्या एका काकूंनी पोटाच्या ऑपरेशनआधी ‘व्यसन नाही’ असं लिहून सही केली होती. दात बघताना मला शंका आली. त्या म्हणाल्या, ‘मशेरी लावते, पण ते काय व्यसन आहे का?’ मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टक, फेसलिफ्ट किंवा स्तनांच्या ऑपरेशनात कातडीचा मोठा पदर खालपासून सुटा करून ताणून बसवतात. तो जगतो कडेच्या बारीक वाहिन्यांवर. त्याच आकसल्या तर कडेची कातडी काळी पडते आणि मरते. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर कुठल्याही रूपातली तंबाखू बंद, हा नियम बहुतेक सर्जन कडक पाळतात. काही जण लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ तपासतात, त्यात गेल्या काही दिवसांतलं निकोटीन पकडलं जातं. निकोटीनचं च्युइंगगम खाल्लं तरी ती पॉझिटिव्ह येते, तेव्हा तेही आधीच सांगा.

तर खरी तपासणी म्हणजे भूलतज्ज्ञासमोरची वीस मिनिटं. हॉस्पिटलच्या भाषेत पीएसी, म्हणजे भुलीआधीची तपासणी. तिथे तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात, कारण श्वासाची नळी घालणं सोपं जाईल की अवघड, ते त्यावरून कळतं. घोरता का, झोपेत श्वास थांबतो असं घरच्यांनी कधी म्हटलंय का, हे विचारतात. दोन जिने न थांबता चढता येतात का, हा प्रश्न तर अनेकदा ईसीजीपेक्षा जास्त माहिती देतो. तरीही चाळिशीनंतर, किंवा रक्तदाब, मधुमेह असेल तर ईसीजी करून ठेवलेला बरा.

घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, हा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन हे औषध एरवी काही मिनिटांत उतरतं, पण ते मोडणारं एन्झाइम काहींच्या शरीरात जन्मतःच अपुरं असतं. मग ऑपरेशन संपलं तरी कितीतरी वेळ श्वास परत येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं भारतातल्या भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. ‘मामांना ऑपरेशननंतर लवकर शुद्ध आली नव्हती म्हणे’ एवढं ओझरतं आठवत असेल तरी सांगा. आणि पुण्यापुरती आणखी एक गोष्ट: २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या भागात गिया बारे सिंड्रोमची, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय दुबळे करणाऱ्या आजाराची साथ आली होती. त्यातून बरे झालेल्यांनी ते प्रत्येक भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगायचं, कारण हेच सक्सिनिलकोलिन त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायकरीत्या वाढवू शकतं.

काही तपासण्या ऑपरेशनच्या जागेवर ठरतात. स्तनांवरचं कुठलंही ऑपरेशन करण्याआधी चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, त्याहून लहान वयात गरजेप्रमाणे सोनोग्राफी. गाठ आधीच असेल तर ती आत्ताच सापडावी, आणि नंतर काही शंका आली तर तुलनेला जुना फोटो असावा. पुरुषांची छाती वाढली असेल तर आधी कारण शोधायचं: औषधं, जिममधली स्टेरॉइडं, थायरॉइड, यकृत, क्वचित वृषणातली गाठ. पाळी चालू असलेल्या प्रत्येक स्त्रीला गर्भधारणेच्या तपासणीबद्दल विचारायचं. यात संशय घेण्याचा प्रश्न नाही.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे मागतात. एचआयव्हीबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. पॅकेजात ती गुपचूप घुसवलेली असते, हे मला खटकतं.

‘लोकलमध्येच करणार आहेत, काही तपासायची गरज नाही’ (लोकल म्हणजे तेवढाच भाग बधिर करणं) हे वाक्य हेअर ट्रान्सप्लांटच्या बाबतीत फार ऐकू येतं. सहा-आठ तास चालणाऱ्या कामात लिडोकेन पुन्हा पुन्हा टोचलं जातं, आणि समोरच्याला रक्तदाब आहे की नाही हेच कुणी पाहिलेलं नसतं. तिथे रिपोर्टांपेक्षा आधी दोन गोष्टी बघा. एक, काम करणारा माणूस कोण आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं असल्याचं सांगितलं आहे. दोन, खोलीत ऑक्सिजन, मॉनिटर आणि तातडीची औषधं आहेत का.

खर्चाचं थोडक्यात. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, म्हणून तिच्यासाठीच्या तपासण्याही खिशातूनच. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र यात मोडत नाही; तिथे क्लेम करताना सर्जनकडून कारण स्पष्ट लिहून घ्या.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल. जड, तळलेलं जेवण आठ तास आधी बंद, हलका आहार सहा तास आधी, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. घोळ होतो तो चहाचा. दूध घातलेला चहा पाण्यात नाही, खाण्यात धरतात, कारण दूध जठरात घट्ट होतं. सकाळी सहाला घेतलेला अर्धा कप म्हणजे बाराच्या आधी भूल नाही. रक्तदाबाची गोळी घ्यायची की नाही, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. काही गोळ्या चालू ठेवतात, काही थांबवतात. आणि जेल नेलपॉलिश किंवा लावलेली नखं निदान एका बोटाची तरी काढून या, नाहीतर ऑक्सिजन मोजणारा चिमटा नीट आकडा दाखवत नाही आणि ऑपरेशन थिएटरबाहेर सिस्टर अ‍ॅसिटोन शोधत बसतात.